अंगणांतील बीं आणि घरांतील लेंकरूं

(महोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं बोलावयास उभा राहणाऱ्यानें मागल्या वर्षांचा हिशेब द्यावा, अशी रीत आहे. कोणीं पाया घातला, कोणीं घंटा दिली, किती लेंकरांस स्नानसंस्कार झाला, किती जोडप्यांनीं ह्या वेदीपुढें एकमेकांचा हात धरला, हें सारें सांगण्यासारखें आहे; आणि तें सांगणारे, माझ्याहून जाणते असे वडीलधारे आज ह्या मंडपांत बसले आहेत. तो विषय मी त्यांच्याकडेच ठेवतों. मला आज तुमच्या घरांतील फार लहान माणसाविषयीं बोलावयाचें आहे. त्याचें वय तीन ते पांच वर्षांचें. त्याला अजून शाळा नाहीं, प्रभूची प्रार्थना अर्धीच पाठ आहे, आणि मिस्सेंत नेमका उपदेश सुरू झाला कीं त्याला तहान लागते. परंतु पुढच्या महोत्सवास ह्या बांकांवर जे बसतील ते आज त्याच वयाचे आहेत. मग त्यांचा विचार आज करावयाचा नाहीं तर केव्हां?

आपल्या भंडारा जिल्ह्यांतील पावसाळा तुम्हांस मीं वर्णन करून सांगावयास नको. मृगाचा पाऊस पडला कीं धानाचे पऱ्हे टाकावयाचे, पऱ्ह्यांना तीन आठवडे झाले कीं रोवणीची घाई. त्या दिवसांत सारें घर बांधींत असतें. आई गुडघाभर चिखलांत, बाप चिखलणीला, आणि लेंकरूं आजीपाशीं किंवा धुऱ्यावर छत्रीखालीं. मग झड लागते. चार चार दिवस सूर्य दिसत नाहीं, कवेलूंतून पाणी टपकतें, दोरीवर ओले कपडे, चुलीचा धूर घरांतच कोंडलेला. आणि त्यांत हें लेंकरूं विचारतें, 'आई, मी काय करूं?' थकलेली आई म्हणते, 'कांहीं करूं नको, एका जागीं बस.' आणि अलीकडे तर दुसरें उत्तर हातांशींच असतें. मोबाईल त्याच्या हातीं दिला कीं घर शांत होतें. मी त्या आईला दोष देत नाहीं. तिच्या पाठीची कळ मला कळते. परंतु घरांतील प्रत्येक शांतता ही शांति नव्हे. तें लेंकरूं आपल्या कामांत वांटा मागत होतें आणि आपण त्याला कामापासून दूर बसविलें, एवढेंच त्या वेळीं घडलेलें असतें.

दुसऱ्यांस बोलण्यापूर्वीं माझीच चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं जून महिन्यांत मीं प्रभुमंदिराच्या मागील अंगणांत भेंडीच्या दोन ओळी लावल्या होत्या. सकाळची मिस्सा आटोपून पाहावें तों माती उकरलेली. कोंबड्यांचें काम असावें असें समजून मीं वर कांटे पसरले. तिसऱ्या दिवशीं पाहतों तों चार वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसलेला. बोटानें माती बाजूस सारतो आहे, बीं तळहातावर घेऊन निरखतो आहे, आणि पाहून झाल्यावर पुन्हां पुरतो आहे. मला राग आवरला नाहीं. मी असा ओरडलों कीं त्याच्या हातांतील बीं गळून पडलें आणि तो धांवत जाऊन आजीच्या पदराआड दडला.

आजी जन्मभर शेतांत राबलेली. ती मला भ्याली नाहीं. म्हणाली, 'फादर, पोरगा नासधूस नव्हता करत जी. गेल्या रविवारीं तुम्हींच तं सांगितलं, का शेतकरी झोपला तरी बीं आपल्या आपण वाढते म्हणून. खरं का खोटं, तेच पाहत होता तो.'

त्या रविवारीं मार्कच्या शुभवर्तमानांतील, रात्रंदिवस आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दाखला वाचला गेला होता. त्यावर मीं पंधरा मिनिटें बोललों होतों. इतकें लक्ष देऊन माझा उपदेश दुसऱ्या कोणीं ऐकल्याचें मला आठवत नाहीं. आणि ज्यानें ऐकला त्यालाच मीं रडविलें!

मीं त्या मुलाजवळ जाऊन माफी मागितली. मोठ्यानें लहानाची माफी मागणें आपल्याकडे फारसें घडत नाहीं. मलाही तें जड गेलें. त्यानें माझ्याकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. मग मीं कांचेचा एक पेला घेतला, आंत ओला फडका गोल बसविला, फडका आणि कांच यांच्यामध्यें वालाचें बीं ठेवलें आणि पेला आजीच्या हातीं दिला. आतां न उकरतां बीं दिसूं लागलें. आधीं मूळ खालीं उतरलें, मागाहून कोंब वर आला. आजी सांगत असे कीं सकाळीं उठल्यावर तो प्रथम पेल्याकडे जातो. तरी माझ्याजवळ यावयास त्याला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण उजाडला. रागाचा शब्द एका क्षणांत सुटला. तो भरून निघावयास दोन महिने लागले. भेंडीच्या त्या ओळी वांकड्यातिकड्या उगवल्या, पण उगवल्या.

तेव्हांपासून मला एक गोष्ट पटली आहे. लेंकरूं आपलें काम बिघडवीत आहे असें जेथें आपणांस दिसतें, तेथें पुष्कळदां तें काम शिकत असतें. हें माझ्या एकट्याचें मत नव्हे. जर्मनींतील फ्रोबेल नांवाच्या शिक्षकानें १८४० सालीं लहान मुलांच्या आपल्या शाळेस 'किंडरगार्टन' असें नांव दिलें; त्याचा अर्थच 'बालकांची बाग'. ६ जानेवारी १९०७ रोजीं, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशीं, डॉक्टर मारिया माँटेसरी या कॅथलिक बाईंनीं रोम शहरांतील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत 'बालकांचें घर' उघडलें. खेळण्यांपेक्षां खरें काम मुलांस अधिक आवडतें, हें त्यांना तेथें दिसून आलें: झाडणें, ओतणें, पुसणें, झाडांस पाणी घालणें. पुढें स्पेनमधील बार्सिलोना शहरीं त्यांच्या पद्धतीनें धर्मशिक्षण घेणाऱ्या मुलांनीं गहूं पेरला आणि द्राक्षवेली लावल्या. पवित्र मिस्सेची भाकर आणि द्राक्षारस आपल्या हातच्या पिकांतून व्हावा, हा त्यांतील हेतु. ह्याच माँटेसरीबाई १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या आणि महायुद्धाचीं वर्षें येथेंच राहिल्या.

आपल्या मराठी मुलखांत हें कार्य ताराबाई मोडक यांनीं केलें. १९२६ सालीं गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. १९४५ सालीं त्या तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांचीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. महागडीं साधनें कोठून आणावयाचीं? म्हणून खडे, शिंपले, पानें, बिया हींच साधनें झालीं. 'अंगणवाडी' ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द गांवोगांव पोंचला. तेव्हां अंगण आहे आणि बीं आहे, त्या घरांत शाळा आहे, असें समजावें.

आतां तुम्हीं काय करावें तें थोडक्यांत सांगतों. पाऊस लागला कीं अंगणांतील हातभर जागा लेंकराच्या नांवें करून द्या. जागा नसेल तर फुटकी बादली किंवा जुनें घमेलें पुरे. तीं त्याचीं, त्यांत तुम्हीं हात घालूं नये. लवकर उगवणारें बीं निवडा: वाल, दोडका, भोपळा, झेंडू, तेरडा. मूठभर मूग रात्रीं भिजवून ओल्या फडक्यांत बांधले तर एकदोन दिवसांतच मोड दिसतो. ज्याला धीर धरतां येत नाहीं त्यानें तेथून आरंभ करावा. पाण्यासाठीं त्याच्या हाताला पेलेल अशी लहान लोटी द्या. भंडाऱ्याच्या पितळेचें नांव सर्वत्र आहे. तुमच्याही घरांत आजीच्या वेळची एखादी लोटी माळ्यावर पडलेली असेल. पाणी सांडेल, पाय भरतील, एखादें रोप मरेल. मरूं द्या, आणि गुपचुप दुसरें आणून लावूं नका. कांहीं बिया उगवतात, कांहीं उगवत नाहींत, हें प्रभूनें आपणां सर्वांस सांगितलें आहे. लेंकरापासून तें लपविण्याचें कारण नाहीं.

शेतकरी कुटुंबांसाठीं आणखी एक सुचवितों. तुम्ही पऱ्हे टाकाल त्याच दिवशीं लेंकराला घमेल्यांत चिखल करून मूठभर धान टाकूं द्या. तुमची रोवणी लागेल तेव्हां त्याचीही लागेल. दहा रोपें तें दुसऱ्या घमेल्यांत रोवील. धान कापणीस आलें म्हणजे त्याच्या लोंब्या त्याच्याच हातानें वेदीपुढें येऊं द्या. वसई, मुंबई आणि गोवें येथील आपलीं भावंडें ८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्मदिनीं मुलांच्या हातून तिला फुलें वाहतात. जूनमध्यें लावलेला तेरडा त्या वेळीं आपल्याकडेही फुललेला असतो. विकत आणलेल्या हारापेक्षां तीं चार फुलें आपल्या आईला अधिक आवडतील, याविषयीं मला शंका नाहीं.

आणि झड लागली, बाहेर जातां येत नाहीं, तेव्हां? तेव्हां स्वयंपाकघर आहे. सुपांत तांदूळ, लाखोळी आणि मूग एकत्र करून द्या. तें वेगळे करीत बसेल, आणि मोजणेंही शिकेल. शेंगा सोलावयास द्या. अंगणांत सरळ कडांचा डबा ठेवा, पाऊस थांबला कीं त्यांत काडी बुडवून किती पाणी सांचलें तें पाहूं द्या, आणि भिंतीवर कोळशानें रेघ काढूं द्या. ओल्या मातीचीं गुरें, होडी, नोहाचें तारूं करूं द्या. तीं वाळवून ठेवलीं तर नाताळच्या गोठ्यांतही उपयोगी पडतील. आजी-आजोबांनीं जुन्या पुराच्या गोष्टी सांगाव्या. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचें पाणी घराघरांत शिरलें तो पूर तर तुमच्या डोळ्यांदेखतचा आहे. शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांस कसें सांवरलें तें मुलांनीं घरांतच ऐकावें. पोटासाठीं दूर गेलेला बाप असेल तर त्याला मोबाईलवरून लेंकराचें रोप दाखवा. त्या यंत्राचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाहीं.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतों. आपला जिल्हा तळ्यांचा, बोड्यांचा आणि विहिरींचा. ह्या वयाचें लेंकरूं पाण्याजवळ क्षणभरही एकटें सोडूं नये. भरलेली बांधीही त्याला पुरेशी खोल असते. लांकडांच्या आणि कवेलूंच्या ढिगाऱ्यांत पावसाळ्यांत साप येऊन बसतात. तेथें त्याला हात घालूं देऊं नका. विजा कडाडत असतां झाडाखालीं थांबूं नका. त्याला कामांत घ्या याचा अर्थ त्याच्यावरील नजर काढा असा नव्हे. उलट, बरोबर घेतलेलें लेंकरूंच नजरेसमोर राहतें.

बंधुभगिनींनो, नाझरेथच्या त्या लहान घराकडे पाहा. प्रभूचे दाखले कशाकशाचे आहेत? पेरणाऱ्याचा, मोहरीच्या दाण्याचा, पिठांतील खमिराचा, दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईचा. प्रभूनें राजवाड्यांतील गोष्टींपेक्षां शेतांतल्या आणि घरांतल्या गोष्टी अधिक सांगितल्या. मला वाटतें, बाळ येशू पीठ मळणाऱ्या मरियेजवळ बसला असेल, योसेफाच्या हत्यारांस त्यानें हात लावला असेल, आणि त्या दोघांनीं त्याला 'तिकडे जाऊन बस' असें म्हटलें नसेल. जगाला तारणारे शब्द ज्या घरांत आधीं पाहिले गेले, तें घर कष्टकऱ्यांचें होतें, तुमच्या घरासारखें.

आपल्या भागांतील जुनीं तळीं कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधलीं. पाळीवर मातीची पाटी टाकणाऱ्या त्या माणसाला ठाऊक होतें कीं ह्या पाण्यावर आपला नातू धान पिकवील. महोत्सव म्हणजे तरी काय? आपल्याआधीं कोणीं पाटी टाकली म्हणून आज आपण येथें बसलों आहों. आपली पाटी कोणती? ती फार जड नाहीं. दिवसांतून अर्धा तास लेंकराला आपल्या कामांत घ्यावें, संध्याकाळीं त्याच्या रोपाजवळ उभें राहून एक 'नमो मरिया' त्याच्याबरोबर म्हणावा, आणि त्यानें चूक केली तर ओरडण्याआधीं विचारावें, 'बाळा, काय पाहत होतास?' हा प्रश्न मीं त्या दिवशीं विचारला नाहीं. तुम्हीं विचारा. आज ज्याला आपण आपल्या कामाजवळ उभें राहूं दिलें, तोच उद्यां प्रार्थनेच्या वेळीं आपल्याजवळ उभा राहील.

येशू, मरिया आणि योसेफ यांच्या पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद तुमच्या घरांवर, तुमच्या बांधींवर आणि तुमच्या लेंकरांवर सदैव राहो. आमेन.