काडतूस निवडताना घरच्यांकडे बघा

 

मागच्या कार्यक्रमानंतर वस्तीवर राहणाऱ्या एका ताईंचा फोन आला. त्यांचं घर गावापासून लांब, चारी बाजूंनी ऊस. मालक रात्री मोटर चालू करायला जातात, तेव्हा घरात सासूबाई, ताई आणि दोन लेकरं. सासऱ्यांच्या नावावर परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. ताई म्हणाल्या, "मामंजी म्हणतात नवी काडतुसं आणू, म्हणजे वेळ पडली तर तुलाही चालवता येईल. कोणती आणायची ते विचारून घे." त्यांना आम्ही तेव्हा एवढंच म्हणालो, की नीट माहिती काढून सांगतो. जाणकारांना विचारलं, कायदा वाचून घेतला. तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट कायद्याची. शस्त्राचा परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नसतो. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय शस्त्रही बाळगता येत नाही आणि काडतूसही नाही. एक सुद्धा नाही. घरच्या माणसाला दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी शस्त्र न्यायचं असेल, तर परवानाधारक सोबत हवा किंवा त्याची लेखी परवानगी हवी. त्यामुळे "सुनेलाही चालवता येईल" असं मनात असेल, तर आधी सुनेच्या नावाचा परवाना. एकवीस वर्षं पूर्ण झालेली बाई अर्ज करू शकते. 2016 च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही त्याला जोडलं आहे. ते नुसतं कागदापुरतं उरकू नका, खरंच शिका.

आता काडतुसाकडे येऊ. आपल्याकडे घरगुती परवान्याची बरीचशी रिव्हॉल्व्हरं बत्तीस बोरची असतात. पण "बत्तीस बोरची द्या" एवढंच दुकानात म्हणणं पुरेसं नाही. बत्तीस बोरची काडतुसं दोन तऱ्हेची मिळतात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पितळी नळी साधारण 23 मिलिमीटर लांब असते आणि तिच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पिस्तुलाच्या काडतुसाची नळी साधारण 17 मिलिमीटर, म्हणजे आखूड. गंमत अशी, की हे आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत कधी कधी बसतं. बसलं म्हणजे चाललं असं नाही. त्याचा दाब जास्त असतो आणि जुन्या रिव्हॉल्व्हरला तो सोसेलच असं नाही. म्हणून परवाना आणि खोका दोन्ही समोर ठेवून, शस्त्रावर कोरलेलं वाचून, मगच काडतूस घ्यायचं. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात अशी काडतुसं बनत आली आहेत. त्यांच्या बुडाला के.एफ. अशी अक्षरं असतात. खोक्यावरचं साल आणि तुकडीचा नंबर बघा आणि वहीत लिहून ठेवा. एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, हेही परवान्यावर लिहिलेलं असतं.

मग प्रश्न येतो जोराचा. मामंजींचं म्हणणं असतं, "जोरदार घ्या, एका गोळीत काम झालं पाहिजे." मैत्रिणींनो, इथे थोडं थांबा. काडतूस जितकं जोरदार, तितका हाताला झटका जास्त, तितका आवाज जास्त, आणि अंधारात डोळ्यांपुढे तितका लखलखाट. बंद खोलीत एक बार झाला की कान बधिर होतात. पहिली गोळी गेल्यावर हात वर उडाला, डोळे दिपले, तर दुसरी कुठे जाईल याचा भरवसा नाही. त्यात शस्त्र हलकं असेल तर झटका आणखी लागतो. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन जेमतेम अर्धा किलो. पर्समध्ये मावतं म्हणून त्याचं कौतुक झालं. पण हलकं शस्त्र वागवायला सोपं आणि चालवायला अवघड, हे कौतुकात कुणी सांगत नाही. म्हणून परवाना असलेल्यांपैकी ज्याच्या हातात सगळ्यांत कमी ताकद, त्याला पेलेल तेच काडतूस. आणि ज्या काडतुसांवर भरवसा ठेवायचा, त्यांनीच नेमबाजीच्या रेंजवर सराव करायचा. आपल्या शेतात किंवा लग्नाच्या वरातीत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरं, गोळी थांबते कुठे? आपल्या घरांच्या भिंती बघा. मधली भिंत कुठे पत्र्याची, कुठे प्लायवूडची. दाराची फळी पातळ. बत्तीसची साधी शिशाची गोळीसुद्धा प्लायवूड आणि पत्रा भेदून पलीकडे जाते. आणि पलीकडे कोण झोपलंय? सासूबाई. लेकरं. शेजारच्या वस्तीवरची माणसं. म्हणून आम्ही त्या ताईंना सांगितलं, की एका संध्याकाळी घरात उभ्या राहा, दाराकडे तोंड करा आणि दाराच्या मागे काय आहे ते बघा. मग मागच्या दाराकडे बघा. जिथून गोळी सोडली तर आपलंच माणूस मध्ये येतं, अशा जागा घरात किती निघतात हे मोजून बघा. मोजून झालं की जास्त जोराच्या काडतुसाचा हट्ट आपोआप कमी होतो.

तिसरं, जुनी काडतुसं. पुष्कळ घरांत आजोबांच्या वेळची काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली असतात. चामड्यामुळे पितळेवर हिरवा थर चढतो. दमट हवेने दारू खराब होते. शस्त्राला लावलेलं तेल काडतुसाच्या टोपीत उतरलं की ती पेटतच नाही. हिरवी पडलेली, पोचलेली किंवा गोळी हलणारी काडतुसं वापरू नका आणि विहिरीत किंवा उकिरड्यावरही टाकू नका. परवानाधारकाने ती पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याला दाखवावीत. सराव करताना चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेलाच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. कधी कधी दारू उशिरा पेटते. आणि शिशाच्या गोळ्या हाताळल्या की साबणाने हात धुतल्याशिवाय पिठाला किंवा लेकराला हात लावायचा नाही. शिसं अंगात जातं आणि पोटुशी बाई व लहान मुलं यांना ते सगळ्यांत वाईट.

चौथं आणि आमच्या मते सगळ्यांत मोठं, ते ठेवायचं कुठे. गादीखाली, देव्हाऱ्यामागे, तांदळाच्या डब्यात, या जागा मुलांना ठाऊक असतात. आपण लपवतो आणि ती शोधतात. पुष्कळशा रिव्हॉल्व्हरांना पिस्तुलासारखा खटका नसतो. काडतूस भरलेलं असेल आणि चाप ओढला गेला की बार झालाच. म्हणून शस्त्र रिकामं, लोखंडी कपाटात, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली परवानाधारकाच्या कमरेला. काडतुसांची मोजणी वहीत, महिन्यातून एकदा.

यावर घरची पुरुष मंडळी विचारतात, "मग ऐन वेळी काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. दोन कुलपं उघडायला वेळ लागतो. तो वेळ आपण दुसऱ्या मार्गाने मिळवायचा. मजबूत कडी, दाराला आतून आडणा, अंगणात आपोआप लागणारा दिवा, भुंकणारं कुत्रं, शेजाऱ्यांशी ठरवलेली खूण, आणि 112 नंबर. हा नंबर लेकरांनाही पाठ असू द्या, पत्ता कसा सांगायचा त्यासकट. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर ती घ्यायची, अशी त्याला मर्यादा आहे. अंधारात हललेली सावली चोराचीच असते असंही नाही. मोटर बंद करून लवकर परतलेला नवराही असतो.

आणखी एक गोष्ट, जी फोनवर कुणी मोठ्याने बोलत नाही. घरातल्या रिव्हॉल्व्हरची भीती चोरापेक्षा घरच्याच बाईला जास्त असते, असंही घर असतं. दारू पिऊन नवरा ते टेबलावर ठेवतो, भांडणात दाखवतो. किंवा घरातलं कुणी फार खचलेलं असतं, जगण्यावरून मन उडालेलं असतं. अशा वेळी कोणतं काडतूस चांगलं हा प्रश्नच नाही. काडतुसं आणि शस्त्र त्या घरातून बाहेर गेली पाहिजेत. जीवाला धोका असेल तर 112, बाईला मदत हवी असेल तर 181. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे, लेखी तक्रार करता येते. परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे. आणि परवानाधारक वारला तर त्याच्या वारसांनी शस्त्र व काडतुसं विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवान्याच्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असतात. आठवण म्हणून ट्रंकेत ठेवायची नसतात.

त्या ताईंना आम्ही परत फोन केला. हे सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे काडतूस चोराकडे बघून नाही, घरच्यांकडे बघून घ्यायचं." आम्हाला इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं. त्यांनी मामंजींना सोबत घेऊन मोजणी केली, तेव्हा परवान्यावरच्या नोंदीपेक्षा दोन काडतुसं कमी भरली. धाकट्या लेकाच्या दप्तरात सापडली. शाळेत मित्रांना दाखवायला नेणार होता.

तेव्हा मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी असं शस्त्र आहे त्यांनी आज जेवणं झाली की परवानाधारकाला सोबत घेऊन काडतुसं मोजा. नवी आणायचं उद्या बघू. पुढच्या वेळी परत भेटू. नमस्कार.