एक्समाऊथच्या किनाऱ्यावर तंबूत सहा रात्री

आम्ही दोघी जावा ऑस्ट्रेलियाहून परत आलो, तेव्हापासून बचत गटात, एसटीत, दळणाच्या रांगेत एकच प्रश्न. सिडनीचं ते शिडांसारखं दिसणारं नाट्यगृह पाहिलंत का? नाही पाहिलं. आम्ही होतो तिथून सिडनी साडेतीन हजार किलोमीटरांहूनही लांब होतं. आमच्या वन्सं त्या देशाच्या पश्चिम टोकाला, पर्थला राहतात. तिथून गाडीनं वर उत्तरेला सुमारे १२५० किलोमीटर गेलं की समुद्रात घुसलेल्या एका जमिनीच्या जिभेवर एक्समाऊथ नावाचं गाव लागतं. आज त्याच गावाबद्दल बोलणार आहोत.

आपलं नंदुरबार विषुववृत्ताच्या उत्तरेला जितकं आहे, जवळजवळ तितकंच एक्समाऊथ दक्षिणेला आहे. त्यामुळे आपल्या जूनमध्ये तिथे हिवाळा. दिवसा आपल्या दिवाळीसारखं ऊन, रात्री गोधडी लागेल असा गारवा. जायचं तर मे ते ऑगस्टमध्येच. त्यांच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस असतात. १९९९च्या मार्चमध्ये तिथे व्हान्स नावाचं चक्रीवादळ आलं, तेव्हा जवळच्या लिअरमंथला वाऱ्याचा झोत ताशी २६७ किलोमीटर मोजला गेला.

निघताना घरच्या पुरुषमाणसांचं म्हणणं असं, की बायका-बायकांनी परक्या मुलखात तंबूत राहायचं म्हणजे काय! वन्सं फोनवर म्हणाल्या, "दादा, इथे माणसाची भीती कमी आणि अंतराची जास्त." ते अगदी खरं निघालं.

रस्ता सरळ, दोन पदरी आणि आपल्यासारखाच डावीकडून. पण दीड-दोनशे किलोमीटर गाव म्हणून नाही. मधे एखादा पेट्रोल पंप, त्यालाच जोडून खानावळ आणि चार खोल्या. प्रत्येक पंपावर टाकी भरून घ्यायची, अर्धी असली तरी. वन्संचा दुसरा नियम म्हणजे ऊन कललं की गाडी बंद. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात आणि त्याला चुकवायला म्हणून जोरात वळवलेली गाडीच उलटते. मालाचे ट्रक तिथे तीन-तीन, चार-चार डबे जोडून धावतात, त्यांची लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत असू शकते. म्हणजे आपल्या चार-पाच एसट्या एकामागं एक लावल्यासारखं. ते समोरून गेले की गाडी हादरते. पहिल्या दिवशी थोरली डोळे मिटून घ्यायची, दुसऱ्या दिवशी ती डबे मोजायला लागली.

पहिला मुक्काम जेराल्डटनला, दुसरा कारनार्व्हनला. कारनार्व्हनला आम्ही थक्क झालो, कारण चारी बाजूंनी वैराण आणि मधेच केळीच्या बागा! जळगावातच आल्यासारखं वाटलं. तिथली गॅस्कॉइन नदी वर्षातला बराच काळ वरून कोरडी असते, पण वाळूच्या खाली पाणी असतं आणि ते उपसून बागा जगवतात. माण तालुक्यातल्या आमच्यासारख्या बायकांना वाळूत झरा उकरून पाणी काढणं नवीन नाही, पण त्यावर एवढ्या बागा उभ्या राहतात हे बघून जरा हेवाच वाटला.

पुढे वारुळं सुरू झाली. लाल मातीची, माणसापेक्षा उंच आणि शेकड्यांनी. आणि मग रस्त्याच्या कडेला मकरवृत्ताची पाटी. लहानपणी नकाशात तुटक रेघेनं दाखवलेलं मकरवृत्त! तिथे उतरून आम्ही एकमेकींना तिळगूळ दिला. पर्थच्या दुकानातल्या तिळाचा केला होता, कारण भारतातून खाण्याचं काही नेलं तर विमानतळावर सगळं लिहून द्यावं लागतं. लपवलं तर दंड होतो. ज्वारीचं पीठ, मसाला, डाळी पर्थमध्ये मिळतात, इथून ओझं नेऊ नये.

एक्समाऊथ हे गाव मुळात वसलं ते १९६७ साली, अमेरिकेच्या आरमाराच्या संदेश केंद्रासाठी. पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश पाठवणारे तेरा मनोरे तिथे अजून उभे आहेत, मधला ३८७ मीटर उंच. गावात वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर. एक दवाखाना, दोन-तीन मोठी दुकानं, आणि रस्त्यानं शांतपणे चालणारे एमू. एमूच्या घरात अंडी नर उबवतो, जवळजवळ आठ आठवडे, आणि तेवढे दिवस तो खातपीत नाही म्हटलं तरी चालेल. पिल्लंही तोच सांभाळतो. बापामागं चाललेली पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं बघून आम्ही दोघींनी घरी फोन लावला आणि हे सविस्तर सांगितलं. पलीकडून काही उत्तर आलं नाही.

पण गाव नुसतं सामान भरायला. खरं राहणं पलीकडच्या किनाऱ्यावर, केप रेंज राष्ट्रीय उद्यानात. एका बाजूला चुनखडीचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या पट्टीत तंबूच्या जागा. या जागा सहा महिने आधी संगणकावरून राखून ठेवाव्या लागतात, ऐन हंगामात त्या भराभर संपतात. राखल्याशिवाय गेलं तर रात्री परत गावात यावं लागतं.

आता नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथे आहे. तिथे जागा मिळते आणि मैला खाली साठणारा साधा संडास मिळतो. वीज नाही, दुकान नाही, न्हाणी नाही, आणि प्यायचं पाणी नाही. आम्ही हिशेब केला तो माणशी रोज पाच लिटर, प्यायला आणि रांधायला मिळून. तिघींचे सहा दिवसांचे नव्वद लिटर झाले, वर तीस लिटर अडीअडचणीला. वीस-वीस लिटरचे सहा कॅन गावातून भरून नेले. शेजारच्या तंबूतलं तरुण जोडपं तिसऱ्या दिवशी पाण्यासाठी गावात परतलं, आमचे दोन कॅन शेवटपर्यंत शिल्लक होते. टँकरची वाट बघत संसार केलेल्या बाईला पाणी पुरवून वापरायला शिकवावं लागत नाही. ताटं आधी कागदानं पुसायची, मग वाटीभर पाण्यात धुवायची. अंघोळ समुद्रात, आणि वर तांब्याभर गोड्या पाण्यानं अंग पुसायचं.

चूल पेटवायला बंदी आहे, गॅसची शेगडीच लागते. दुपारनंतर दक्षिणेचा वारा सुटतो तो असा, की ज्योत ठरत नाही. आम्ही गाडीचं मागचं दार उघडून त्याच्या आडोशाला भाकरी केल्या. तंबूच्या नेहमीच्या खुंट्या वाळूत उपटतात, त्यासाठी लांब, रुंद पात्याच्या खुंट्या मिळतात. त्या घ्याव्याच. कचरा एकूण एक परत न्यायचा, कांद्याच्या सालासकट.

फोनला रेंज गावापुरती. उद्यानात ती जवळजवळ नाहीच. म्हणून वन्संनी उपग्रहाशी जोडलेलं संकटात दाबायचं छोटं यंत्र भाड्यानं घेतलं होतं, आणि आपण कुठे आहोत, कोणत्या दिवशी परतणार हे पर्थला लिहून ठेवलं होतं. थोरलीला रक्तदाब आहे. तिच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत विभागून ठेवल्या होत्या. मोठं दुखणं निघालं तर तिथून विमानानंच हलवावं लागतं, हे आधी मनात पक्कं करूनच जायचं.

आता समुद्र. निंगालू नावाची प्रवाळांची रांग या किनाऱ्याला अडीचशे किलोमीटरांहून जास्त लागून आहे आणि काही ठिकाणी ती किनाऱ्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर येते. होडी नको, काही नको. गुडघाभर, कमरेभर पाण्यात डोळ्यांना काच लावून तोंड बुडवलं की मासे दिसतात. टर्कॉइज बे नावाच्या जागी लोक एका टोकाला पाण्यात उतरतात आणि प्रवाहाबरोबर तरंगत दुसऱ्या टोकाला बाहेर येतात. दिसायला फार सोपं. पण त्या टोकाच्या वाळूच्या दांड्यापूर्वी बाहेर यावंच लागतं, कारण पुढे प्रवाळांच्या भिंतीत खिंड आहे आणि पाणी तिथून बाहेर खोल समुद्रात ओढलं जातं.

आमची धाकटी कृष्णाकाठची, कमरेला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. तिचे हात शिवशिवत होते. वन्सं म्हणाल्या, "धाकटी वहिनी, विहिरीचं पाणी कुठे जात नाही, हे जातं." मग आम्ही वाळूवर बसून अर्धा तास नुसतं बघितलं, कोण कुठे उतरतो, किती वेळात कुठे पोचतो, कोण बाहेर येताना धापा टाकतो. आणि ठरवलं, की आपण प्रवाहाच्या बाजूला जायचं नाही, पलीकडच्या शांत खाडीत उतरायचं. तिथेही फुगीर पट्टा कमरेला बांधून. ज्या संदेश केंद्रासाठी हे गाव वसलं त्याला हॅरोल्ड होल्ट यांचं नाव आहे. ते ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होते. १९६७च्या डिसेंबरात, दूर व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर ते पोहायला गेले आणि पुन्हा दिसलेच नाहीत. पट्टीचे पोहणारे होते म्हणतात.

आणि पाण्याखाली काय दिसलं, तेही खरं सांगायला हवं. २०२५च्या त्यांच्या उन्हाळ्यात तिथला समुद्र बरेच आठवडे नेहमीपेक्षा फार तापला. पाणी असं तापलं की प्रवाळांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळं निघून जातात. त्यांच्यावरच प्रवाळांचं पोट आणि रंग. ती गेली की प्रवाळ पांढरे पडतात, आणि पाणी लवकर थंड झालं नाही तर मरतात. आम्हाला दिसलेल्या शाखांपैकी कितीतरी मेलेल्या होत्या, वर मळकट तपकिरी लव. त्यांच्यामधून पोपटासारखे रंगीत मासे फिरत होते. फोटोत दिसतं तसं सगळं असेल असं समजून गेलं तर वाईट वाटेल. आम्हाला वाटलंच. तरी त्याच सकाळी एक हिरवं कासव आमच्या शेजारून, आम्ही तिथे नाहीच अशा थाटात, गवत खात गेलं.

एक दिवस होडीतून व्हेल शार्क बघायला गेलो. हा जगातला सगळ्यांत मोठा मासा, मार्च ते जुलै इथे हमखास येतो. खातो मात्र तरंगणारे बारीक जीव. वरून छोटं विमान त्याला शोधतं आणि होडीला सांगतं. एका वेळी दहाच माणसं पाण्यात, अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही. माणशी खर्च चारशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, तेव्हा हे सगळ्यांना जमेल असं नाही. धाकटी वाटाड्या मुलीचा हात धरून उतरली, थोरली होडीवरून बघत राहिली. तिच्या मते वरूनच तो जास्त चांगला दिसतो, करड्या पाठीवर पांढरे ठिपके, मंगळवेढ्याच्या घोंगडीवर खडी टाकावी तसे. प्रत्येकाचे ठिपके वेगळे असतात. आकाशातले तारे ओळखायला शास्त्रज्ञांनी जी पद्धत केली, तीच या ठिपक्यांवरून मासा ओळखायला वापरतात. हाच मासा आपल्या गुजरातच्या किनाऱ्यालाही येतो. पूर्वी तिथे त्याची शिकार व्हायची, २००१पासून कायद्यानं बंद आहे.

संध्याकाळी मंडू मंडू नावाच्या ओढ्याच्या घळीत चालायला गेलो. त्या भागातल्या एका गुहेत शिंपल्यांचे भोक पाडलेले मणी सापडले आहेत, तीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे. कुणीतरी ओवून गळ्यात घातले असणार. हा सगळा मुलूख बायुंगू आणि त्यांच्या शेजारच्या आदिवासी लोकांचा, निंगालू हा शब्दही त्यांचाच. आम्ही दोघी आपापल्या गळ्यातल्या काळ्या मण्यांना हात लावून तिथे बराच वेळ उभ्या राहिलो. वन्संनी हाक मारली तेव्हा निघालो, कारण अंधारायच्या आत तंबू गाठायचा होता.

रात्री डोक्यावर त्रिशंकू, पूर्वेकडे आडवा पसरलेला वृश्चिक. दिवा लावायचा तो जमिनीकडे तोंड करून, मंद. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर कासविणी अंडी घालायला चढतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेनं निघतात, खोटा उजेड दिसला की समुद्राऐवजी भलतीकडे जातात. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावरही कासवाच्या पिल्लांसाठी हीच काळजी घेतात. तिथे जायला ना पासपोर्ट लागतो ना तीन दिवसांची गाडी. पिल्लं साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतात. आम्ही दोघी येत्या वर्षी जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर गटाच्या बैठकीत नाव द्या.