कारंज्यावरून गेलेलं विमान

मुंबईहून नागपूर विमानानं किती लांब, असं विचारलं तर कुणीही सांगेल, दीड तास. अंतर मात्र पटकन कुणी सांगत नाही. ते सरळ रेषेत सुमारे 690 किलोमीटर आहे. ताशी आठशेच्या वेगानं उडणाऱ्या विमानाला एवढ्यासाठी दीड तास कशाला, हा प्रश्न मलाही पडायचा. पण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं तिथून मोजतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, वर चढणं, खाली उतरणं, सगळं त्यात आलं.

आता घरी गेल्यावर नकाशा काढा. मुंबई आणि नागपूर पट्टीनं जोडा. ती रेघ आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या अगदी शेजारून जाते. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, आणि माझंही. (माझ्यामुळं गावाला काही फरक पडला नाही, ते सोडा.)

आमच्या लहानपणी अंतर किलोमीटरमध्ये नव्हतंच. कारंज्यावरून शकुंतला जायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर, अरुंद रुळांची. 113 किलोमीटरला अर्धा दिवस खायची. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. अम्मा मूर्तिजापूरला माहेरी निघाली की म्हणायची, "दोन भाकरींचा रस्ता आहे." मुंबई किती भाकरींची, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तिथं भाकरी पुरत नाही, पीठ न्यावं लागतं."

2009 साली मी कविसंमेलनासाठी मुंबईत होतो. रात्री दोनला भाईजानचा फोन आला. अम्मा गेली होती. आमच्यात दफन लांबवत नाहीत. रेल्वेनं दिवस गेला असता, म्हणून उसने पैसे घेऊन पहाटेच्या विमानाचं तिकीट काढलं. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. भाईजान म्हणाले, "जोहरपर्यंत थांबतो, त्यापुढं लोकांना कसं थांबवू?"

विमान दोन तास उशिरा सुटलं. मी खिडकीशी होतो. तासाभरानं खाली काळी रानं, एक तलाव, पांढऱ्या ठिपक्यांसारखी गावं दिसली. त्यातलं एखादं कारंजा असेलच. अम्मा खाली अंगणात होती आणि मी तिच्यावरून पुढं निघून गेलो. मग नागपूरहून अमरावतीमार्गे मोटारीनं दोनशेवर किलोमीटर परत मागं. चार तास. पोचलो तेव्हा कब्रस्तानातून लोक परतत होते. माती ओली होती. मी मूठभर टाकली.

आता समृद्धी महामार्ग कारंज्याजवळूनच जातो. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, 5 जून 2025 ला भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला. लांबी 701 किलोमीटर, म्हणजे विमानाच्या रेघेपेक्षा थोडीशीच जास्त. नागपूरहून घरी यायला आता दोन तासांच्या आसपास लागतात. तेव्हा हा रस्ता असता तर मी जोहरच्या आधी पोचलो असतो. हा हिशेब मी अनेकदा केला आहे.

भाईजान उन्हाळ्यात अजून अंगणात खाट टाकतात. रात्री वरून दिवा लुकलुकत गेला की विचारतात, "हे मुंबईचं का रे?" मी घड्याळ बघतो आणि हो म्हणतो.