मोठा दंड की हमखास दंड?



रस्ता सुरक्षेच्या परिषदेचे अध्यक्षपद रस्ते बांधणाऱ्या माणसाला देणे, हे आयोजकांचे धाडसच म्हणायचे. त्याबद्दल त्यांचे आभार. अशा परिषदांत वाहनचालकांना बेशिस्त ठरवायचे, कायदा आणखी कडक करा अशी मागणी करायची आणि चहाला उठायचे, अशी आपली रीत पडून गेली आहे. पण कायदा तर कडक झालेलाच आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याचा दंड २,००० रुपयांवरून १०,००० वर गेला, परवान्याशिवाय चालवण्याचा ५०० वरून ५,००० वर, हेल्मेटचा १०० वरून १,००० वर. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्राने हे वाढीव दंड दोन वर्षे रोखून धरले आणि डिसेंबर २०२१ मध्ये, काही ठिकाणी सौम्य करून, लागू केले. लगेच पुढच्या वर्षी, २०२२ साली, देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्याआधीच्या कुठल्याही वर्षी इतकी मेली नव्हती.

मग दंडाच्या या आकड्यांनी नेमके काय केले? नाक्यावर उभे राहून पाहिले की उत्तर मिळते. शंभर रुपयांच्या पावतीसाठी कोणी हुज्जत घालत नसे. पाच हजारांची पावती टाळण्यासाठी माणूस हजार रुपये आनंदाने काढून देतो. चिरीमिरीचा भाव कायद्यानेच वाढवून दिला, असे मी म्हणालो तर पोलीस खात्यातल्या मित्रांनी रागावू नये. रस्त्यात हात करून गाडी अडवायची, वाद घालायचा, ओळखीच्या नगरसेवकाचा फोन घ्यायचा आणि त्यातूनही पावती फाडायची, हे काम आपण भर उन्हात एका हवालदारावर सोडले आहे. शिवाय चौकातून जाणाऱ्या शंभरांतला एखादाच त्याच्या हाती लागतो. बाकीचे निघून जातात आणि आपण सुटलो एवढेच शिकतात.

इटलीतल्या बेकारिया या विचारवंताने १७६४ साली लिहून ठेवले आहे, की गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती चुकणार नाही या खात्रीने. आपल्याकडे हीच खात्री नाही. याच पुण्यात मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले. कायद्याच्या पुस्तकात कैदेची तरतूद होती, पण व्यवस्थेचे पहिले उत्तर आले ते जामिनाच्या अटीतला ३०० शब्दांचा निबंध. पुढे जनक्षोभ उसळला आणि चक्रे फिरली, हे खरे. पण जनक्षोभ दर अपघाताला उसळत नाही.

शिक्षेची ही खात्री यंत्र देऊ शकते, म्हणून मी कॅमेऱ्याच्या बाजूचा आहे. फ्रान्समध्ये २००३ च्या ऑक्टोबरात पहिला स्वयंचलित वेग-कॅमेरा सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी तिथे सात हजारांवर माणसे रस्त्यांवर मेली होती. २०१० साली हा आकडा चार हजारांच्या आत आला. सारे श्रेय कॅमेऱ्यांना देणे बरोबर नाही, पण मोठा वाटा त्यांचा आहे. गंमत अशी, की या यंत्राचा जनक मॉरिस गॅट्सोनिडिस हा डच गृहस्थ स्वतः शर्यतीत गाडी चालवणारा होता. आपण वळणावर आणखी जोरात कसे जाऊ हे मोजण्यासाठी त्याने ही खटपट केली. पुढे त्याच यंत्राने जगभरच्या वेगवान मंडळींना घाम फोडला.

आपल्याकडे कॅमेऱ्याची चाल लोकांनी कधीच ओळखली आहे. खांब दिसला की ब्रेक, खांब गेला की पुन्हा पाय दाबायचा. मागच्याची मात्र धांदल उडते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून सुरू झालेल्या यंत्रणेत म्हणूनच सरासरी वेग मोजण्याची सोय आहे. एका कमानीखाली गाडीचा नंबर टिपला जातो, काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या कमानीखाली पुन्हा टिपला जातो. दोन्हींतले अंतर ठरलेले असते, लागलेला वेळ कळतो. मध्ये कुठे ब्रेक मारला याला अर्थ उरत नाही. सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा सगळ्यांचा वेग थोडाथोडा उतरणे हेच खरे काम आहे. एखाद्या बेदरकाराला पकडून त्याची बातमी छापून आणल्याने ते होणार नाही.

पण कॅमेरा लावला की झाले, असे मानणाऱ्यांना मी सावध करतो. कॅमेऱ्यांबाबतच्या २०२१ च्या नियमाने स्पष्ट सांगितले होते, की यंत्राला प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवे, कॅमेऱ्याआधी ठळक फलक हवा, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत जायला हवी आणि सोबत छायाचित्र, वेळ, ठिकाण व मोजलेला वेग हवा. प्रत्यक्षात चलान आल्याचे अनेकांना गाडी विकताना कळते. महाराष्ट्रात ई-चलानची थकबाकी हजारो कोटींत गेली आहे आणि लोक लोकअदालतीची वाट दिवाळीच्या सेलसारखी पाहतात. सवलत मिळणार हे ठाऊक असताना वेळेवर पैसे भरणारा मूर्ख ठरतो. वाहतूकदारांनी ई-चलानविरुद्ध २०२५ मध्ये संप केला. त्यांच्या सगळ्याच मागण्या मला पटत नाहीत, पण चुकीचे चलान रद्द करून घ्यायला माणसाने किती खेटे घालायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

आता माझ्या जातभाईंकडे वळतो. आपल्याकडच्या अपघातांच्या फिर्यादी वाचा. ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’ हे शब्द हाताच्या सवयीने लिहिले जातात. २०२२ च्या मृत्यूंपैकी एकाहत्तर टक्के अतिवेगाच्या खात्यात जमा आहेत. त्यातले बरेच खरे असतील. पण त्या रकान्यामागे आपण अभियंते आरामात दडून बसलो आहोत. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आठवा. डिझेल वाचवायला ट्रकवाले तिथे गाडी न्यूट्रलवर सोडतात, ब्रेक तापून निकामी होतात आणि खाली शहराची गर्दी असते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे चाळीसहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली. तिथे कॅमेरा हवाच, पण कॅमेऱ्याने उतार सपाट होत नाही. २०१९ च्याच कायद्यात कलम १९८ अ आहे. रस्त्याच्या सदोष आखणीमुळे, बांधकामामुळे वा देखभालीमुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांनी हे कलम लागलेले पाहिले आहे? चालकाला हमखास शिक्षा हवी असेल, तर तीच खात्री आपल्या वाट्यालाही आली पाहिजे.

म्हणून उद्याच्या खुल्या सत्रात तीन ठराव यावेत, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक चलानावर यंत्राच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख छापावी, आणि तक्रारीचा निकाल ठरलेल्या मुदतीत न लागल्यास चलान आपोआप रद्द व्हावे. लोकअदालतीत वाहतूक दंडावर सवलत देणे बंद करावे. आणि प्रत्येक प्राणघातक अपघातानंतर पोलिसांच्या पंचनाम्याबरोबर रस्त्याचा स्वतंत्र तांत्रिक अहवाल सक्तीचा करावा, तो अहवाल लिहिणारा अभियंता त्या रस्त्याशी संबंधित नसावा. शेवटच्या ठरावाला आपल्याच मंडळींकडून विरोध होईल याची मला कल्पना आहे. तरीही तो आधी मताला टाकावा.