कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दिवाळीत आपल्यापैकी कितीतरी जणी चकली-अनारशांच्या ऑर्डरी घेतात. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या असा खर्च मांडून किलोचा भाव ठरतो. त्यात सोऱ्या फिरवणाऱ्या हातांची मजुरी किती धरली, असे विचारावे, तर उत्तर येते, "घरचेच तर काम!" कॉस्ट अकाउंटंटला हे उत्तर चालत नाही. लागलेला माल, माणसाचा वेळ, यंत्राची झीज, वीज, भाडे यांतले काहीही वगळले, तर दिसणारा नफा खरा नव्हे, असे त्याचे शास्त्र सांगते.

कारखान्याच्या आत बसून हा हिशेब ठेवणाऱ्यांची संस्था कलकत्त्यास १९४४ साली स्थापन झाली. १९५९ साली संसदेने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पूर्वी आयसीडब्ल्यूए म्हणून ओळखली जाणारी पदवी आता सीएमए या नावाने ओळखली जाते. औषधे, साखर, सिमेंट अशा ठरावीक उद्योगांतील मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार उत्पादनखर्चाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि ती कॉस्ट अकाउंटंटच करू शकतो. वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ या आपल्या औद्योगिक पट्ट्यात या विद्येचे मोल वेगळे सांगावयास नको.

बारावीनंतर फाउंडेशनचे चार पेपर असतात. पदवीधरांस ते माफ आहेत. पुढे इंटरमीजिएटचे आठ आणि फायनलचे आठ, प्रत्येकी दोन गटांत. परीक्षा वर्षातून दोनदा, जून व डिसेंबरमध्ये होते. प्रत्येक पेपरात ४० आणि गटात सरासरी ५० टक्के गुण हवेत. शिवाय प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षणही लागते. परीक्षा सोपी नाही. दोन-तीनदा बसावे लागलेलेही पुष्कळ असतात. परंतु एका वेळी एकच गट देता येतो, ही संसारी स्त्रीच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

लग्नाआधी एखादा गट सुटला, आणि मग पाळणा हलला म्हणून पुस्तके माळ्यावर गेली, अशा भगिनी आपल्या प्रत्येक आळीत आहेत. त्यांनी संस्थेच्या कल्याण-अंबरनाथ शाखेत जाऊन चौकशी तरी करावी. अभ्यासक्रम अधूनमधून बदलतो; जुन्या गुणांपैकी काय धरले जाईल, हे तेथेच नीट कळेल.

मात्र अभ्यासाला रोज दोन तास लागतात, आणि ते तास घरातल्या कोणीतरी सोडावे लागतात. सासूबाईंनी संध्याकाळची भाजी चिरली, पतिराजांनी मुलांचा अभ्यास घेतला, तर ते मिळतील. आपल्या मंडळाची खोली दुपारी बंदच असते. ती अभ्यासासाठी उघडावी, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. गृहिणीच्या वेळेलाही किंमत आहे, हे आपणच प्रथम मानले पाहिजे.