मुलांमधील छळ : बघ्यांचा वाटा



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी मुलांनी मुलांचा केलेला छळ हा विषय का घ्यावा, असे काहींना वाटेल. कारण शब्दातच आहे. ‘दांडगाई’ म्हटले की आपल्याला हाणामारी दिसते; नावे ठेवणे, डबा खाताना एखाद्याला वाळीत टाकणे, बोलण्याची नक्कल करणे, हे सारे आपण ‘थट्टा’ म्हणून सोडून देतो. स्वीडनमधील डॉक्टर पीटर-पॉल हाइनेमान यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकातून याकरिता जो शब्द रूढ केला, तो प्राणिवर्तनाच्या अभ्यासातून आलेला. अनेकांनी मिळून एकावर तुटून पडणे, हा त्याचा अर्थ. दिवसा सापडलेल्या घुबडाभोवती कावळे कसे जमतात, ते आपण पाहिलेच असेल.

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हेच त्याचे कारण असावे, असे दिसून आले आणि पुढच्याच वर्षी तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली. डॅन ओल्वेयस यांनी बर्गेनमधील ४२ शाळांत तिची परिणामकारकता तपासली. दोन वर्षांत छळाच्या तक्रारी सुमारे निम्म्यावर आल्या. त्यांच्या संशोधनाने काही लाडके समज मोडीत निघाले. वर्ग मोठा, शाळा मोठी म्हणून छळ अधिक, असे त्यांना आढळले नाही. चष्मा किंवा लठ्ठपणा हेही खरे कारण ठरले नाही. ते निमित्त असते. घरात मायेचा ओलावा नसणे, मुलाच्या आक्रमकपणाकडे काणाडोळा करणे आणि मारझोडीने शिस्त लावणे, या गोष्टी मात्र छळणारा घडवतात.

पण एकटा छळणारा फार काळ टिकत नाही. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर शंभर प्रसंगांपैकी ८८ वेळा इतर मुले हजर होती, मध्ये पडली ती १९ वेळा. आणि मुले मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला! म्हणूनच फिनलंडमध्ये क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांनी आखलेला आणि २००९ पासून देशभर राबवला गेलेला उपक्रम बघणाऱ्या मुलांवरच भर देतो.

आता आपल्या बेळगावकडे वळू. चंदगड-खानापूरकडून येणारे मूल आपल्या आजीची बोली घेऊन वर्गात येते. ते वाचू लागले की मागच्या बाकावर खसखस पिकते. ही पहिली खसखस मुलांची असेलही, परंतु तिला परवाना कोण देते? ‘शुद्ध’ मराठीचा अभिमान सीमाभागात आपण जिवापाड जपला आणि तो जपायलाच हवा, यात मला शंका नाही. मात्र शिक्षकाने भर वर्गात त्या मुलाच्या उच्चाराची नक्कल केली, की उरलेल्या चाळीस मुलांना घुबड नेमके कोठे बसले आहे ते कळते. मधल्या सुट्टीत काय होते, ते सांगावयास नको. त्या मुलाच्या बोलीत दोष नसतोच. वर्गात त्याच्या बाजूचे कोणी नसते, एवढेच.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. छडी पुष्कळशा शाळांतून गेली. ही नक्कल मात्र अजून भाषाशिक्षणाचाच भाग समजली जाते.