घरचा धंदा आणि हातातला मोबाईल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त जानेवारी २०२४ मध्ये तोरणमाळ येथे काढलेल्या कौटुंबिक सहलीत संध्याकाळी झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



सचिवभाऊंनी मला विषय दिला, ‘छोट्या व्यवसायासाठी मोबाईलचा उपयोग’. मी म्हटलं, भाऊ, मी काही कॉम्प्युटर शिकलेली बाई नाही. तर ते म्हणाले, तुमचा मसाला पुण्यापर्यंत जातो तो काय कबुतर घेऊन जातं का? आता आपल्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत माझा मसाला आणि आमचूर आहे, म्हणजे तुम्ही सगळे माझे गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून उभी राहिले.

आज सकाळचंच बघा. शहादा सोडलं, सातपायरी घाट चढायला लागलो आणि बसमधल्या सगळ्यांचे मोबाईल वर गेले. रेंज आहे का, रेंज आहे का! कुणी जेवणाचं हॉटेल शोधतंय, कुणी सीता खाई किती लांब ते बघतंय. शेवटी आपण जेवलो कुठं? रस्त्यात एका आजोबांना विचारलं आणि त्यांनी दाखवलं तिथं. गरम भाकरी, ठेचा, पिठलं, सगळ्यांनी बोटं चाटली. मी त्या ताईंना विचारलं, तुमचं हॉटेल मोबाईलच्या नकाशात का दिसत नाही? त्या म्हणाल्या, त्याला किती पैसे लागतात आम्हाला काय ठाऊक!

एक पैसाही लागत नाही. माझं आजचं भाषण इथूनच सुरू होतं.

गुगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद फुकट होते. नाव, फोन नंबर, उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ, चार फोटो, बस्स. मग गुगल खात्री करून घेतं की धंदा खरंच तुमचा आहे. बऱ्याचदा जागेचा आणि पाटीचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगतात. ‘आम्ही गुगलमधून बोलतोय, तुमची नोंद वर आणतो, पाच हजार भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आपल्यात शिकवणी घेणाऱ्या ताई आहेत, शिवणकाम करणाऱ्या वहिनी आहेत, इलेक्ट्रिकचं काम करणारे भाऊ आहेत. ‘माझ्या जवळ टेलर’ असं लोक मोबाईलमध्येच विचारतात. तिथं आपलं नाव नसेल तर पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईकही दुसरीकडे जातं. आणि वेळ खरी लिहा. दुपारी एक ते चार बंद असेल तर तसं लिहा. उन्हात येऊन कुलूप बघितलेला माणूस परत येत नाही.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. हे तर सगळ्यांकडे आहे, पण धंद्यासाठी ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे वेगळं ॲप आहे, तेही फुकट. शक्य असेल तर त्याला वेगळं सिमकार्ड घ्या. नाहीतर लग्नाच्या फोटोंत ऑर्डरी हरवतात, माझ्या हरवल्यात. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासकट लावता येते. भाव लिहायला लाजू नका. ‘भावासाठी संपर्क करा’ म्हटलं की दहापैकी आठ जण संपर्क करतच नाहीत. रात्री अकराला विचारणाऱ्याला ‘सकाळी नऊनंतर उत्तर देते’ असा निरोप आपोआप जातो, तोही एकदा लिहून ठेवायचा. टाईप करायचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डवरचं माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, अक्षरं उमटतात. आमच्या सासूबाई ऐंशीच्या आहेत, त्याही बोलून मेसेज पाठवतात.

आणि एक विनंती, माझ्यासकट सगळ्यांना. सोसायटीच्या ग्रुपवर रोज पापडाचे फोटो टाकू नका. तिथं पाण्याच्या टँकरची सूचना वाचायची असते. त्यापेक्षा ‘ब्रॉडकास्ट’ यादी करा. एका यादीत २५६ नंबर बसतात आणि प्रत्येकाला निरोप वेगळा जातो. मात्र ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवलाय त्यालाच तो पोचतो. म्हणून प्रत्येक पाकिटासोबत मी चिठ्ठी टाकते, ‘नंबर सेव्ह करा’.

आता फोटोबद्दल सांगते, कारण तिथं मी मार खाल्लाय.

आपल्या धडगाव तालुक्यातलं आमचूर तुम्हाला ठाऊक आहे. चैत्र-वैशाखात पाड्यापाड्यांवर बाया कैऱ्या सोलतात, फोडी करतात, उन्हात वाळत घालतात. टोपलीभर कैरीचं हातात मावेल एवढं आमचूर होतं. वळवाचा एक पाऊस आला की फोडी काळ्या पडतात आणि भाव उतरतो. इथून खाली दोन पाड्यांवरच्या सात बायांकडून मी माल घेते. मध्ये व्यापारी, त्याच्यावर मोठा व्यापारी, असं करत तो शहरात पोचेपर्यंत भाव कुठल्या कुठं जातो आणि सोलणाऱ्या हाताला सगळ्यात कमी मिळतं. मला वाटलं, मोबाईलने हे मधलं अंतर जरा कमी होईल. झालंही. पण पहिल्या वर्षी माझ्या भाच्याने फोटोला काहीतरी लावून आमचूर पांढरंशुभ्र केलं. चाळीस पाकिटं गेली. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, ‘फोटोत पांढरं, पाकिटात तपकिरी, आम्ही काय समजायचं?’ त्यांचं बरोबर होतं. मी पैसे परत केले. तेव्हापासून फोटो सकाळी खिडकीशी काढते. कॅमेऱ्याची काच पदराने पुसायची, झूम करायचं नाही, शेजारी चमचा ठेवायचा म्हणजे आकार कळतो. खाली लिहिते, ‘उन्हात वाळवलेलं, रंग तपकिरी, रंग किंवा पावडर घातलेली नाही’. त्याच बाई आता दरवर्षी दोन किलो मागवतात.

खाण्याचा माल विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते. तो नंबर, मालाचं नाव, त्यात काय काय आहे, वजन, पॅकिंगची तारीख, किती दिवस टिकेल, आपलं नाव-पत्ता आणि शाकाहारी मालाचं हिरवं चिन्ह, निदान एवढं तरी पाकिटावर हवं. उद्यम नोंदणीही सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. आणि ज्यांना मोठ्या ऑनलाईन दुकानांवर माल ठेवायचाय त्यांच्यासाठी एक चांगली बातमी. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर जीएसटी क्रमांक नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही आपल्या राज्यापुरता माल तिथं विकता येतो, फक्त जीएसटीच्या पोर्टलवर एक नावनोंदणी करावी लागते. आपल्या सीएला विचारून घ्या.

जाहिरातीचं थोडक्यात. मी एकदा फेसबुकवर दीड हजार रुपये घातले, अख्ख्या महाराष्ट्रासाठी. अंगठे आले तीनशे, ऑर्डर एकही नाही. नंतर पाचशेच घातले, फक्त नाशिक आणि पुणे निवडलं, लोणच्याच्या हंगामात. अकरा ऑर्डरी आल्या. आधी थोडे पैसे, थोडा भाग, आणि कुठून काय आलं ते वहीत.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

२०२१ चा जून. लॉकडाऊनमुळे ह्यांचं झेरॉक्सचं दुकान बंदच होतं, घर माझ्या मसाल्यावर चाललं होतं. आमचुराचा माल घरात आला होता आणि सात बायांना द्यायचे बावीस हजार मी बँकेत वेगळे ठेवले होते. एक फोन आला. ‘मी लष्करात अधिकारी आहे, मेससाठी पंचवीस किलो मसाला हवा, पैसे आगाऊ देतो.’ आवाज एकदम अदबीचा, गणवेशातला फोटोही पाठवला. म्हणाला, आमच्याकडची पद्धत अशी आहे, मी क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करा, पाच रुपये टाकून बघा, दहा परत येतील. आले! मग नऊ हजारांचा कोड आला. मी पिन टाकला. नऊ हजार गेले. म्हणाला, मॅडम, अडकले, परत एकदा करा म्हणजे दोन्ही एकदम येतील. मी परत पिन टाकला. अठरा हजार गेले आणि फोन बंद झाला.

मी बी.ए. झालेली बाई. स्वयंपाकघरात खाली बसले. ह्यांना रात्री सांगितलं. पोलिसांत जायची लाज वाटली म्हणून दोन दिवस घालवले, आणि तेवढ्यात पैसे कुठल्या कुठं गेले. आज मला ठाऊक आहे की १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. तेव्हा ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी एसटी आणि मग जीप करून मी इथं वर आले. सात बायांसमोर उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. मोबाईल, क्यूआर, हे त्यांना कसं समजावू? इथल्या एका शिक्षकांनी पावरीत सांगितलं. त्यांच्यातली जी सगळ्यात म्हातारी, ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, तुझ्याकडे आज किती आहेत? चार हजार होते. ते तिने सगळ्यांत वाटले आणि म्हणाली, बाकीचे पोळ्याला दे, आम्हाला पोरांना कपडे घ्यायचे असतात. एवढंच.

मी घरी आले आणि आपल्या महिला मंडळाच्या भिशीत म्हटलं, यंदा माझा नंबर आधी लावाल का? ज्या काकूंचा नंबर होता त्यांनी लगेच हो म्हटलं. एकीनेही कारण विचारलं नाही. पोळ्याच्या आधी सातही बायांचे पैसे पोचले. काकू, तुम्ही समोरच बसला आहात. कारण आज सांगितलं. मला माफ करा आणि तुमचे उपकार मी विसरलेली नाही.

म्हणून हात जोडून सांगते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जाणारच. कुणी ‘पैसे पाठवले’ म्हणून स्क्रीनशॉट दाखवला तर तो फोटो आहे, पैसे नव्हेत. आधी बँक खात्यात जमा झाले का बघा, मग पाकीट द्या. ओटीपी कुणाला सांगू नका. व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा पिन लावा. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि त्यात लागतील तेवढेच पैसे. गिऱ्हाईकांची नावं-नंबर एका वहीतही लिहून ठेवा. मोबाईल हरवला, खातं बंद पडलं, तरी वही राहते. आणि फसलातच तर लपवू नका. त्याच मिनिटाला १९३०, मग बँक, मग शेजारी. लाज ज्याने फसवलं त्याला वाटायला हवी.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन आपला नंदुरबार जिल्हा झाला आणि पुढच्या वर्षी आपली सोसायटी. लोक आपल्याला मागास म्हणतात. पण देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला तो आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात. नवीन गोष्टी आपल्या दारी येतातच. त्या कशा वापरायच्या हे एकमेकांना सांगायला मात्र आपणच लागतो. अध्यक्ष महोदयांना माझी सूचना आहे. महिन्यातला एक रविवार, तासभर, सोसायटीच्या हॉलमध्ये मोबाईल घेऊन बसू. शाळेतली मुलं शिकवतील, आपण शिकू. फराळाचं मी बघते.

आणि उद्या सकाळी यशवंत तलावावर जायच्या आधी, ज्यांच्याकडे आज जेवलो त्या ताईंकडे चहाला जाऊ. त्यांची परवानगी घेऊन आपली मुलं त्यांच्याच मोबाईलवर हॉटेलची नोंद करून देतील. महाशिवरात्रीच्या यात्रेला हजारो माणसं इथं येतात. निदान त्यांना तरी भाकरी कुठं मिळते ते सापडेल. फक्त रेंज मिळू दे, म्हणजे झालं!